टिकलीचा परवाना

परवा आमच्या घरातल्या टिकलीला सॉफ्टवेअर वापरायचा परवाना मिळाला. टिकली सौ.ची, मरून रंगाची, सांताक्रूझ स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून घेतलेल्या पाकिटातली.

झालं असं की मी मराठी टायपिंगचा प्रोग्राम विकत घेतला. पावतीसकट, १८ टक्के जीएसटीसकट. (मराठी लेखक सॉफ्टवेअर विकत घेतोय म्हटल्यावर विकणाऱ्यानेच दोनदा विचारलं, "नक्की ना?") त्यात चोरी रोखण्याचा बंदोबस्त होता. दर वीस मिनिटांनी कॅमेरा उघडायचा आणि खुर्चीवरचा इसम पैसे भरणाराच आहे ना, हे बघायचं. मी बनियनवर लिहितो. सौ.ने मुकाट्याने कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली.

नेमकं तेव्हाच प्रोग्राम म्हणाला, चेहरा नोंदवा. मी बटण दाबलं. मरून अंधारात क्षणभर विचार करून त्याने जाहीर केलं : ओळख पटली, स्वागत आहे.

तेव्हापासून परवानाधारक टिकली आहे. ती काढली की पडद्यावर लाल पाटी येते, 'अनधिकृत व्यक्ती', आणि अर्धा लेख कुलूपबंद. लावली की सगळं सुरळीत. हिरवी लावून पाहिली, चालली नाही. चंद्रकोर लावली, तर 'संशयास्पद हालचाल' असा इशारा आला. सौ. माहेरी गेली आणि पाकीटही घेऊन गेली, तेव्हा दोन दिवस माझं लेखन बंद होतं. शेवटी शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर मागावी तशी मरून टिकली मागितली. त्यांनी दिली, पण तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या माझ्या कपाळाकडे बघतात. हिशेबाने पाहिलं तर चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यातल्या निम्म्या बायकांना आज माझा प्रोग्राम वापरता येईल. एक पैसे भरलेला तेवढा मी सोडून.

वाकोल्याच्या एका डीटीपीवाल्याला हे सांगितलं, तर तो हसून खुर्चीतून पडायचा राहिला. पूर्वी त्याच्याकडे फॉन्टचं 'लॉक' असायचं, काड्यापेटीएवढं, प्रिंटरच्या पोर्टमध्ये मागे खोचलेलं. रात्री तो ते खिशात घालून घरी न्यायचा. कुलूप होतं, पण दाराबाहेर राहायचं. त्याला मालकाच्या बनियनशी कर्तव्य नव्हतं. आता तो चोरीची कॉपी वापरतो. त्यातला कॅमेरा कुणीतरी आधीच काढून टाकलाय. लग्नपत्रिका धडाधड निघतात.

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ कलम आलं : असलं कुलूप हक्क डावलण्यासाठी तोडाल तर दोन वर्षांपर्यंत कैद. ठीक. पण कुलूपच घरात शिरून कपाटं उघडायला लागलं तर? त्यालाही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे. कलम ४३ : मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरू नये. लबाडीने शिरलात तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत. मी आनंदाने उडालोच. मग कळलं, परवानगी मी दिलेली आहे. बेचाळीस पानी इंग्रजी कराराखाली 'मान्य' असं बटण होतं. 'अमान्य' दाबलं असतं तर प्रोग्राम उघडला नसता आणि पैसेही परत मिळाले नसते.

माझा भाचा अशाच प्रोग्रामवर काम करतो, सीप्झच्या बाजूला. (सीप्झच्या नावात सांताक्रूझ आणि पत्ता अंधेरीचा, तेव्हा नाव एक आणि काम भलतीकडे ही परंपरा जुनीच.) त्याला विचारलं, "अरे, लोकांच्या घरात डोकावताना काही वाटत नाही?"

"मामा, रिक्वायरमेंट आली, मी कोड लिहिला."

"आणि जबाबदारी?"

"ती लीगलची."

लीगलवाले म्हणणार, तांत्रिक बाब आहे. म्हणजे कुणाचीच नाही! आमच्या इमारतीला तीस वर्षं झाली तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागलं. इंजिनिअरने सही केली, शिक्का मारला, खाली नोंदणी क्रमांक घातला. उद्या स्लॅब कोसळला तर पोलीस त्याचं दार ठोठावतील, हे त्याला सही करताना ठाऊक होतं, म्हणून तर तो गच्चीवर हातोडी घेऊन तासभर ठोकत बसला. साध्या वायरमनला लायसन्स लागतं. रिक्षावाल्याला बॅज लागतो. आणि हजारो घरांत दर वीस मिनिटांनी डोळा उघडणारं यंत्र लिहायला काय लागतं? शुक्रवारची डेडलाइन! त्या कोडखाली एका माणसाची सही असती ना, तर हात थरथरला असता. किमान त्याने एकदा विचारलं असतं की समोर माणूस आहे की टिकली.

अजून बरंच लिहायचं होतं, पण गोंद सुटत चाललाय आणि काकू बाहेर गेल्यात.