आळ कारबेटरवर

गाडी मिसिंग मारायला लागली की बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यात स्वतःचाच आजार दिसतो. पित्तवाल्याला पेट्रोलमध्ये भेसळ दिसते, दमेकऱ्याला एअर फिल्टर चोंदलेला वाटतो, आणि ज्याचा वाटणीचा दावा कोर्टात चालू आहे तो छातीठोकपणे सांगतो, "आतल्या आत कुठंतरी वायर तुटलीय." एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत असतं : आधी कारबेटर खोला.

आमच्या आण्णांची गाडी म्हणजे सीजे-थ्रीबी जीप. पेट्रोलची, चार सिलिंडरची. मागचं अंग कापून लोखंडी हौदा बसवल्यापासून गडहिंग्लजात तिला पिकअप म्हणतात. बॉनेट मात्र मूळचंच, ताठ मानेचं. हिच्या हरिकेन इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसतात आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळं इंजिनाची उंची वाढली. विलीजवाल्यांनी 1953 साली फार डोकं चालवलं नाही, सरळ बॉनेटच वर उचललं. पुढचा खड्डा दिसत नाही, त्यामुळं तो चुकवायचा त्रासही नाही, असं आण्णा म्हणतात.

दुखणं असं होतं. सकाळी चोक ओढून चालू केली की गुणी सुनेसारखी चालायची. गरम झाली, चोक आत गेला, की आयडलिंगला अंगात आल्यासारखी घुमायची. हौद्यातले रिकामे क्रेट आपापल्या जागा बदलायचे. रेस केली की पुन्हा शांत. खरं तर निम्मं निदान इथंच होतं. चोक म्हणजे कारबेटरच्या तोंडावरची झडप. ती मिटली की हवा कमी जाते, पेट्रोल जास्त. चोकवर बरं वाटत असेल तर एरवी कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. पण एवढा विचार करायला सवड कुणाला? आणि कारबेटरवर बाहेरच एक स्क्रू असतो ना!

हा मिक्श्चरचा स्क्रू म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. निवृत्त हेडमास्तरांनी तो पाव आटा आत घेतला. भाच्यानं अर्धा बाहेर काढला. दूध घालायला आलेला माणूस किटली खाली न ठेवता एका हातानं फिरवून गेला. प्रत्येकानं फिरवल्यावर मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हटलं, "आता बघा." आम्ही बघितलं. क्रेट हलतच होते.

शेवटी मिस्त्री आले. आल्याबरोबर कारबेटर खोलला नाही, म्हणून मंडळींचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. त्यांनी चालू गाडीत प्लगची एकेक वायर काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच पडलं, म्हणजे चारही सिलिंडर कामावर हजर. मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. पॉइंट काळे पडले होते, ते पॉलिश पेपरनं घासले आणि वीस थाऊचा गॅप लावला. "निम्मे कारबेटर हितंच बिघडत्यात," ते म्हणाले. फरक पडला, पण थोडाच. प्लग काढले तर नाकं पांढरीफटक, कॉफीचा रंग कुठंच नाही. मिस्त्रींनी कारबेटरच्या बुडाशी, गास्केटच्या कडेनं ऑइलचे थेंब सोडले. आवाज बदलला नाही. मग त्यांचं बोट एका रबरी नळीवरून सरकत डॅशबोर्डाकडं गेलं. भेगाळलेली, बोटभर जाडीची नळी. कान नेला तर फुसफुस ऐकू येत होती. त्यांनी ती चिमटीत दाबली आणि इंजिन एकदम लायनीवर आलं. चिमूट सोडली की परत घुमणं सुरू.

नळी होती वायपरची. जुन्या जीपचा वायपर विजेवर नाही, इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ही ओढ कमी होते, म्हणून आंबोली घाटात मुसळधार पावसात चढाला लागलं की वायपर नेमका हात आखडता घेतो. पेट्रोल ओढणाऱ्या पंपालाच हवा ओढायची जोड देऊन कंपनीनं त्यावर इलाज केला होता, पण आण्णांच्या गाडीत तो इलाज कधीच वारला होता. वायपरही मधोमध सलामी देऊन उभा होता. स्वतः काही काम करायचं नाही आणि चौघांचा श्वास मात्र चोरायचा, अशी माणसं भाऊबंदकीत असतात, त्यामुळं आण्णांना आश्चर्य वाटलं नाही.

मिस्त्रींनी फाटकी नळी कापली, इंजिनाकडच्या तोंडात बाभळीची खुंटी ठोकली आणि सगळ्या गावानं फिरवलेला स्क्रू कानानं ऐकत जागेवर आणला.

"आणि वायपर?" आण्णांनी विचारलं. "आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घिऊन सावंतवाडीला जायचंय मला."

"काचंवर तंबाखू चोळा. पाणी ठरत न्हाई."

आण्णांची तंबाखू डॉक्टरांनी बंद केली होती. आता डॅशबोर्डात राजरोस पुडी असते. गाडीसाठी. काकूंनी परवा विचारलं, मे महिन्यात काचेला कशाला लागते? आण्णा म्हणाले, आत्तापासून मुरवायला नको?