पुन्हा सव्वानऊला

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीभोवतीची एक फेरी 93 मिनिटांत मारतं, एवढं एकच वाक्य माझ्या गाठीला होतं. एका वाक्याच्या भांडवलावर माणसाने सोसायटीच्या ग्रुपवर लिहू नये. डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी 7 वाजून 42 मिनिटांनी पुण्यातल्या आमच्या गच्चीवरून तो ठिपका पश्चिमेच्या अंगाने झरझर चढताना दिसला आणि मधेच विझला. त्याच झोकात मी टाइप केलं, 'स्थानक बरोबर सव्वानऊला पुन्हा येईल. सहकुटुंब यावे.'

लोक आले. कानटोप्या, शाली, एका काकूंनी तर थर्मासमधून चहाही आणला. सव्वानऊला लोहगावच्या बाजूने एक दिवा आला आणि टाळ्या पडल्या. लुकलुकणारा लाल दिवा मलाही दिसत होता, पण टाळ्या चालू असताना कोण बोलणार? शेवटी तळमजल्यावरची आठवीतली मुलगी म्हणाली, "काका, हे विमान आहे."

साडेनऊपर्यंत चहा संपला आणि माझी पतही.

घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. स्थानकाने फेरी इमानदारीत पुरी केली होती. जागा सोडली होती ती पुण्याने. 93 मिनिटांत पृथ्वी 23 अंश पूर्वेकडे वळते, म्हणजे आपल्या अक्षांशावर जवळजवळ 2,450 किलोमीटर. सव्वानऊला स्थानक अरबस्तानातल्या उंटांना छान दिसलं असेल. आणि ते आमच्या डोक्यावर आलं असतं, तरी तोवर इथे पृथ्वीच्या सावलीत दिसलं नसतंच.

देवळात प्रदक्षिणा घंटेपासून घंटेपर्यंत. पण घंटाच फिरत असेल तर? म्हणून फेरी कुठून कुठवर, हे आधी ठरवावं लागतं. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली तर एक काळ येतो. विषुववृत्त दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडल्यापासून पुन्हा तसंच ओलांडेपर्यंत मोजली तर किंचित वेगळा, कारण पृथ्वीच्या फुगीर पोटामुळे कक्षाच हळूहळू वळत जाते. चंद्राचं तर विचारूच नका. ताऱ्यांपाशी तो 27.32 दिवसांत परततो, राहूपाशी 27.21 दिवसांत आणि अमावास्येपासून अमावास्येपर्यंत लागतात 29.53. तिन्ही उत्तरं बरोबर. चौथं, चुकीचं, माझं.

दुसऱ्या दिवशी अब्रू परत मिळवण्यासाठी स्वतः मोजायचं ठरवलं. एकच फेरी मोजली तर चूक सगळी तिच्याच डोक्यावर बसते. कालपासून आजवरच्या सगळ्या फेऱ्या धरून भागाकार केला की चूकही वाटली जाते. फेऱ्या पंधरा. सोळा धरल्या तर काळ 87 मिनिटांवर येतो आणि कक्षा इतकी खाली उतरते की हवेच्या घर्षणाने स्थानक टिकणारच नाही. चौदा धरल्या तर उंची 700 किलोमीटरच्या वर जाते, आणि स्थानक असतं साधारण 400 वर.

ते आलं, या वेळी पूर्वेच्या अंगाने. मी गच्चीच्या जिन्यातून ओरडलो, हिने हॉलमधून सांगितलं, "सात पाच!" म्हणजे 23 तास 23 मिनिटं. भागिले 15, साडेत्र्याण्णव मिनिटं. पुस्तकी आकडा 92.9. फेरी 40 सेकंदांनी वाढली होती! उलटा हिशेब केला, तर कक्षा तीसेक किलोमीटरनी उंचावलेली. इंजिनं पेटवून स्थानक अधूनमधून वर ढकलतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ग्रुपवर लगेच बातमी दिली.

"काल वेळ कशात पाहिलीत?" हिने विचारलं.

"मनगटावर."

"भिंतीवरचं दहा मिनिटं पुढे असतं. आपल्या लग्नापासून."

सुमारे 420 टनांचं स्थानक रातोरात उचललं होतं ते आमच्या हॉलमधल्या घड्याळाने. ते मागे करायला स्टुलावर चढलो, तर ही म्हणाली, "अहो, राहू द्या. सकाळची बस चुकेल तुमची."