दुरुस्तीने बिघडलेलं गाणं

जुन्या घरगुती संगणकांचे सूर लागले की पन्नाशीतली माणसं डोळे मिटतात आणि त्यांची मुलं कान झाकतात. यावरून हा सगळा बालपणाचा उमाळा आहे, असा निकाल देणं सोपं आहे. मला तो पटत नाही. या मंडळींचा जीव त्या आवाजाच्या गुणांपेक्षा त्याच्या खोडींवर जडलेला आहे. कमोडोर ६४ घ्या. १९८२ साली आलेल्या या यंत्रात बॉब यानेस यांनी घडवलेली ‘सिड’ नावाची चिप होती. बाजारातल्या आवाजाच्या चिपा संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्यांनी केल्यात, असं यानेस यांचं मत. म्हणून त्यांनी चिपमध्ये छोटा सिंथेसायझरच बसवला. पण एका वेळी आवाज तीनच. चाल, खर्ज आणि ताल भागवल्यावर कॉर्डला जागा कुठली? मग रॉब हबर्डसारखे संगीतकार एकाच आवाजाला कॉर्डच्या स्वरांवरून भरधाव पळवत. एकाच नटाने टोप्या बदलत सासू, सून आणि पोस्टमन वठवावेत, तसा प्रकार! त्यातून उठणारी थरथर हीच आज त्या संगीताची ओळख झाली आहे. पुढची करामत तर निव्वळ चुकीतून झाली. आवाजाची पातळी बदलली की चिप ‘टक्’ करायची. लोकांनी त्या टकटकीतूनच ढोल वाजवले, माणसाचं बोलणं काढलं. नंतरच्या ८५८० चिपमध्ये ही चूक इमानदारीने सुधारली गेली, आणि ते ढोल जवळजवळ ऐकूच येईनासे झाले. आता हौशी लोक सोल्डरिंग करून, एक रेझिस्टर जोडून, तो दोष परत बसवतात. नुसत्या आठवणींवर भागलं असतं, तर एवढा उपद्व्याप कोणी केला असता?

शिवाय सिडसाठी आजही नव्या चाली रचल्या जातात आणि रचणाऱ्यांत त्या यंत्रानंतर जन्मलेलेही आहेत. त्यांना कुठलं बालपण आठवणार? मग प्रत्येक दोष डोक्यावर घ्यायचा का, असं कुणी विचारेल. छे! त्याच वर्षीच्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये एकुलता एक बीपर होता, तोही प्रोसेसरनेच वाजवायचा. त्यातून टिम फॉलिन यांनी एकदम अनेक सुरांचा भास निर्माण केला. तिथे हात जोडावेत. पण कॅसेटवरून गेम चढताना मिनिटामागून मिनिटं चालणारी ती किंकाळी? त्या दोषातून कुणी काही घडवलं नाही, नुसता सोसला. (भारतात या संगणकाची आवृत्ती विकणाऱ्या कंपनीचं नाव ‘डेसिबल्स’ होतं, हा योगायोगच समजू या.) तेव्हा सिडची थरथर खुशाल ऐकवा. त्या किंकाळीची रिंगटोन ठेवणाऱ्यांनी मात्र लोकलमध्ये चढण्यापूर्वी फोन सायलेंटवर टाकावा, ही विनंती.