जेवायला कोट आणलात का?

पहाटे ताडोबाच्या मोहर्ली फाटकावर पाहावं, तर पर्यटक आलेत की पलटण उतरली आहे हेच कळत नाही. पानापानांच्या छापाचे शर्ट, मातकट टोप्या, गुडघ्यापर्यंत खिसे. वाघाला दिसू नये म्हणे! आणि बसणार उघड्या, घरघरणाऱ्या जिप्सीत. त्यात वाघाला तांबड्या-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. हरणांचंही तेच, म्हणून तर तो नारिंगी असूनही त्यांना गवतात दिसत नाही. म्हणजे छद्मवेश फक्त शेजारच्या जिप्सीसाठी.

खरी गंमत रात्री. समुद्रातल्या क्रूझवर एखादी रात्र सूटबूट घालून जेवायची असते. मोहर्लीला समुद्र नाही, पण इरईचा जलाशय आहे, तेवढं पाणी काहींना पुरतं. मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडून बसलेला असताना, एका रिसॉर्टच्या भोजनगृहात मी ब्लेझर पाहिला. आत एक गृहस्थ होते. वाढणाऱ्या पोरानं कढी ओतता ओतता विचारलं, "साहेब, गरम नाही होऊन राहिलं का?" साहेब "नो, नो" म्हणाले. घाम मात्र मराठीतच आला. बाईंनी जरीची साडी सावरत वांग्याच्या भाजीचा फोटो काढला.

ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. इतक्या वर्षांत कुणा वाघानं पाहुण्याचा पोशाख पाहून तोंड वळवल्याचं ऐकिवात नाही.

आमचा गाइड गावातलाच. तो घरी जाऊन खाकी उतरवतो आणि बनियनवर वरणभात जेवतो.