पितळेची मध्यस्थी

पुण्यात जुनी सायकल दुरुस्त होण्याआधी तिच्यावर परिसंवाद होतो. आजोबांची रॅले पार्किंगमध्ये भिंतीला टेकवली होती. आडवी दांडी आणि सीटची उभी नळी जिथे एकत्र येतात तिथला रंग पोपडे धरून सुटला होता आणि त्याखाली केसाएवढी चीर दिसत होती. एवढ्या भांडवलावर सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी छान रंगली. एक म्हणाले, भंगारात द्या. दुसरे म्हणाले, वेल्डिंग मारा, पाच मिनिटांचं काम. तिसऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "नॉटिंगहॅमची की आसनसोलची?" सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला होता, तेव्हा प्रश्न रास्तच. त्याचा चिरेशी संबंध काय, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

वेल्डिंगवाल्यांचं मात्र ऐकायचं नव्हतं. ह्या जुन्या सायकलींच्या नळ्या एकमेकींना थेट जोडलेल्याच नसतात. सांध्यावर लोखंडी बाही असते, तिला लग म्हणतात. नळी तिच्यात बसवायची आणि मधल्या बारीक फटीत वितळलेलं पितळ सोडायचं. पोलाद वितळायला साधारण 1500 अंश सेल्सिअस लागतात, पितळ 900 च्या आसपास पातळ होतं. म्हणजे नळी नळीच राहते, लग लगच. लग्न जमवणारा मुरलेला मध्यस्थ दोन्ही घरांना धरून ठेवतो आणि कुणालाच स्वभाव बदलायला सांगत नाही, तसं ते पितळ. पुढे कधी नळी बदलायची वेळ आलीच, तर पुन्हा तापवा, सोडचिठ्ठीही बिनतक्रार मिळते. विजेच्या वेल्डिंगने पातळ नळीला भोक पडायची धास्ती, शिवाय पितळ माखलेल्या जागी ते धड धरतही नाही.

चीर पडली कशाने? परिसंवादाचा निष्कर्ष, रस्त्यांमुळे. पुण्यात कशाचंही खापर रस्त्यांवर फोडता येतं आणि ते बहुतेक वेळा बरोबरच निघतं. ह्या वेळी नाही. सीट उपसली तेव्हा कळलं, तिची दांडी नळीत जेमतेम दोन बोटं उरली होती. आजोबा उंच, त्यांनी सीट वर वर घेत नेलेली. दांडी लगच्या खालपर्यंत उतरली नसली की माणसाचा सगळा भार लगच्या काठावर येतो. त्यात पुढे दांडीवर माझे वडील आणि मागे कॅरियरवर आजी. डबल सीट हा तेव्हा गुन्हा. चौकात पोलीस दिसला की आजी उतरायची, आजोबांशी काही ओळख नसल्यासारखी फुटपाथने चालायची आणि चौक ओलांडला की पुन्हा टुणकन बसायची. नऊवारी नेसून, चालत्या सायकलवर. कंपनीने हिशोब एकाच माणसाचा धरला होता, हे आमच्या घरात कुणालाच कळवलेलं नव्हतं.

कारागीर कसबा पेठेत सापडले. तांबट आळी तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे धातूच्या जोडकामाचं त्या भागाला पेशवाईपासून अप्रूप नाही. त्यांनी पॉलिश पेपरने सांधा पांढरा होईतो घासला, टाकणखार पाण्यात कालवून लेप दिला आणि गॅसची ज्योत सारखी फिरवत ठेवली. टाकणखार आधी लाहीसारखा फुगला, मग वितळून काचेसारखा पसरला. नळी नारिंगी झाली तशी पितळेची कांडी त्यांनी ज्योतीत न धरता तापलेल्या सांध्याला टेकवली. पितळ आत ओढलं गेलं आणि लगच्या दुसऱ्या काठाला बारीक सोनेरी रेघ होऊन उमटलं. ज्योत जास्त झाली की पितळातलं जस्त जळून पांढरा धूर निघतो. निघाला नाही.

मग दोरा. मागच्या चाकाच्या एका खाचेतून निघून, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजलं. एका मिलिमीटरचा फरक. "एवढा तर विलायतेहूनच आला असेल," म्हणत त्यांनी पट्टी खिशात घातली.

परिसंवादाचं दुसरं सत्र रंगावर झालं. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय 2017 पासून आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए तिथे बघायला मिळते. "तिकडे जाऊन या, मग रंगाला हात लावा," असा हुकूम झाला. तिकडे जाऊन आलो. संग्रहालय झकास आहे, पण तिथल्या सायकलींना दळण आणायचं नसतं. आमचीला असतं. सांध्यापुरता काळा रंग मारला, तो मूळ रंगाशी जुळत नाही, आणि ते रोज कुणीतरी सांगतं.

सीटला जुन्या बाजारातून लांब दांडी आणली. कारागिरांनी तिच्यावर कानशीने खूण केली आणि बजावलं, "ह्याच्या वर न्यायची नाही." घरात आता आजोबांएवढं उंच कुणी नाही. मुलगी मात्र भराभर वाढतेय, आणि खुणेच्या वर नेली तर नेमकं काय होतं, हे तिचं विचारून झालंय.