पूल तिकडचा, श्रेय इकडचं

सप्टेंबर 2021 मधल्या एका रविवारी एका इंग्रजी दैनिकात उत्तर प्रदेशच्या विकासाची पानभर जाहिरात झळकली. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ आणि खाली ऐटबाज उड्डाणपूल. पुलावर पिवळ्या टॅक्सी धावत होत्या, तिथेच घात झाला. पूल निघाला कोलकात्याचा. विकास खोटा नव्हता. एक राज्य ओलांडून पलीकडे झाला होता, इतकंच. दैनिकाने दिलगिरी व्यक्त केली, दोष आपल्या मार्केटिंग विभागाच्या माथी मारला. सरकारचा चेहरा तेवढा स्वच्छ राहिला.

याआधी 2017 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात भारतीय सीमेवरचा झगझगाट म्हणून जो फोटो छापला गेला, तो स्पेन-मोरोक्को सीमेचा होता. चौकशी लागली. अशा चौकशीत सापडलाच, तर कारकून सापडतो.

महाराष्ट्र मागे कसा राहील? जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत एक आजोबा झळकले. पुणे जिल्ह्यातल्या त्यांच्या घरच्यांनी ते पाहिलं आणि हादरले, कारण आजोबा तीन वर्षांपासून बेपत्ता होते. सरकारला लाभार्थी सापडला होता, घरच्यांना माणूस सापडत नव्हता.

कधी फोटो खरा असतो, पण पैसे त्या फोटोतच संपतात. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’चा हिशेब तत्कालीन खासदार हीना गावित यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मांडला: 2016 ते 2019 या काळातल्या 446.72 कोटींपैकी 78.91 टक्के रक्कम प्रसिद्धीवर गेली. फलकावरची बेटी तरी सुखरूप आहे.

पण या कलेचे खरे उस्ताद केंद्र सरकारची प्रसिद्धी पाहणाऱ्या दिल्लीच्या पत्र सूचना कार्यालयात. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधान हवेतून चेन्नईचा पूर पाहत असल्याचा फोटो या कार्यालयाने प्रसिद्ध केला. खिडकीबाहेर बुडालेली घरं अशी लख्ख दिसत होती, की पंतप्रधान गच्चीवरच उतरलेत असं वाटावं. मग खुलासा आला, दोन फोटो एकत्र केले होते. फोटो काढून टाकला.

सरकारविषयी खोटं काय, हे ठरवण्याचा अधिकार मार्च 2024 मध्ये केंद्राने याच कार्यालयाच्या तथ्यतपासणी कक्षाला दिला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्यामागची नियमदुरुस्तीच रद्द केली. कक्ष मात्र चालू आहे. एखादा फोटो संशयास्पद वाटला, तर नागरिकांनी तो याच कक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असतो.