न्यायाचं पाऊल

इंग्रजीत ‘इक्वॅलिटी’ म्हणजे समता, ‘इक्विटी’ म्हणजे न्याय्यता आणि ‘इक्विव्होकल’ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही असं बोलणं. तिघी एकाच लॅटिन घराण्यातल्या. मूळ शब्द ‘एक्वस’, म्हणजे सपाट, समान. त्यातली समता खरी पाळते ती तिसरीच. दोन्ही अर्थांना सारखाच आवाज!

थोरलीला भाषणात बोलावतात, तेवढंच. मधलीचं नशीब मोठं. कायद्याचा काच बसलेल्यांना दिलासा म्हणून इंग्लंडात चॅन्सरी कोर्ट होतं. तिथला न्याय म्हणजे इक्विटी, आणि तो चाले त्या कोर्टाच्या प्रमुखाच्या, म्हणजे चॅन्सेलरच्या, सदसद्विवेकावर. सतराव्या शतकात जॉन सेल्डन या कायदेपंडितानं टोमणा मारला, की मग फूटपट्टीऐवजी चॅन्सेलरचं पाऊलच का वापरू नये? माणूस बदलला की माप बदललं. पुढे नियम आले, शिस्त आली, आणि खटले इतके लांबले की वारसांची इस्टेट वकिलांच्या फीमध्ये जिरू लागली. डिकन्सला त्यावर एक जाडजूड कादंबरी लिहिता आली, हाच काय तो फायदा. १८७५ मध्ये ते स्वतंत्र कोर्ट संपलं.

धाकटी तर फाशीपर्यंत पोहोचली. हेन्री गार्नेट हा जेझुइट पाद्री द्व्यर्थी उत्तरांचं समर्थन करायचा. १६०६ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात ते त्याच्या फार अंगाशी आलं. बिचारा चारशे वर्षं लवकर जन्मला. आज एखाद्या पक्षानं त्याला प्रवक्ता नेमला असता.

मधली हल्ली शेअर बाजारात असते. तिथे ज्याचे शेअर जास्त, त्याची इक्विटी जास्त.